करदोडा या शब्दात बाप नाही

दुपारी सव्वा वाजता लातूरच्या एका परीक्षा केंद्राच्या फाटकावर सुदर्शनच्या कमरेशी तपासणीचं यंत्र किंचाळलं. करदोड्यात चांदीचा मणी होता.

"तोडा," शिपाई तय्यबभाई म्हणाले. "जल्दी! फाटक बंद होऊन राहिलं!"

"तोडा?" सुदर्शनचे वडील रामकिशनराव उसळले. "बाप मेल्यावर तोडतेत करदोडा. मी जिता हाय न्हवं?"

डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी क्लासमध्ये वाळून काडी झालेलं पोरगं रडकुंडीला आलं. मी बातमीसाठी तिथंच होतो. आमच्या दैनिकात शब्दांच्या मुळांचं सदर मीच लिहितो. असला गुंता म्हणजे माझ्या हातचा मळ!

"काका, मूळ शब्द कडदोरा. कड म्हणजे कटी, म्हणजे कंबर. दोरा म्हणजे दोरा. पलीकडं कानडीत उडदार म्हणतात. यात बाप कुठं आहे, दाखवा!"

रामकिशनरावांनी तो शब्द तंबाखूसारखा चघळून पाहिला. बाप सापडेना.

"तोडा मग!"

पोरगं गोफणीतल्या दगडासारखं आत!

मी फुशारलो. तुटक्या करदोड्याचा फोटो, खाली सुदर्शनचं नाव आणि सगळी हकीकत लिहून दैनिकाच्या फेसबुक पानावर टाकली. रेणापूरकडच्या त्यांच्या गावात फोटो सगळ्यांनी पाहिला. हकीकत एकानंही वाचली नाही! गावानं रामकिशनरावांना फोन लावावा तर बंद.

"पोराचा पेपर चालू हाय," समोरच्या हॉटेलात भजी खात ते मला सांगत होते. "मधीच वाजला म्हंजे?"

तेवढ्यात दोन जीपा आल्या. पहिलीतून त्यांची बहीण केवळाबाई हंबरडा फोडतच उतरली. "माझा रामकिशन गेला गंऽऽ!"

वर्गाच्या खिडक्या सताड उघड्या! पोरानं हे ऐकलं तर पेपर टाकून बाहेर येणार! हातात भजं घेऊन रामकिशनराव स्वतःच्या दुखवट्यात घुसले.

"अक्का, हळू रड! पेपर चालू हाय!"

"गप रे, माझा भाऊ गेलाय!" डोळे मिटूनच अक्का म्हणाली. मग तिनं डोळे उघडले आणि दुप्पट किंचाळली!

"मय्यत स्वतः सांगून राहिली," तय्यबभाई धावले, "आता तरी गप बसा!"

बायांनी तोंडात पदर कोंबले. केवळाबाईनं भावाला चिमटा काढून खात्री केली, मग "फोटो कुणी टाकला?" म्हणत माझ्याकडं पाहिलं.

"मावशी, मूळ शब्द..." मी सुरुवात केली.

तिनं पायातली काढली. "आता हिचं मूळ सांग!"

सायंकाळपर्यंतची माहिती अशी : पेपर कसा गेला, हे सुदर्शन सांगायला तयार नाही. बाहेर एवढं कोण रडत होतं, एवढंच तो विचारतोय. अद्याप कुणीही उत्तर दिलेलं नाही.