एक थेंब सांडत नाही

ओटाकरने कित्येक आठवड्यांनी सकाळी गॅरेजमध्ये पाऊल टाकलं आणि त्याचा पाय घसरला. मोटारसायकलचं हँडल धरून तो कसाबसा वाचला. खाली बघतो तर फरशीवर बशीएवढा काळा डाग.

"तेल?" तो गाडीवर ओरडला. "तू? तू गळतेस?"

गाडी वडिलांच्या वेळची, लाल, टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणारी. "माझी गाडी एक थेंब सांडत नाही," असं ओटाकर आयुष्यभर गावाला छाती ठोकून सांगत आला होता. त्यातही जुन्या गाड्यांच्या क्लबमधल्या आलोइसला, कारण आलोइसची तशीच गाडी उभी राहील तिथं तळं करायची.

शनिवारी हंगामाची पहिली फेरी होती. दर वसंतात चेक देशात, मोरावियाच्या या भागातल्या सगळ्या जुन्या गाड्या चर्चसमोरच्या चौकात उभ्या राहतात, पाद्री त्यांच्यावर आशीर्वादाचं पाणी शिंपडतो आणि मग फेरी निघते. गेल्या ऑक्टोबरात चौकात नवी दगडी फरशी बसवली होती. म्हणून क्लबच्या बैठकीत ओटाकरनेच उठून ठराव मांडला होता, "ज्याची गाडी गळते त्याने फुटबॉलच्या मैदानावर उभं राहायचं." ठराव आलोइससाठी होता. सगळ्यांनी हसत हात वर केले. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, तेव्हा व्लास्ताचं विणकाम थांबलं. "कशाला रे तसले नियम?" एवढंच ती म्हणाली.

जानेवारीत व्लास्ता गेली.

तेव्हापासून ओटाकर चिडलेलाच होता. चूल पेटत नाही म्हणून चिडायचा. कुणी "कसा आहेस?" विचारलं म्हणून चिडायचा. पहिल्याच आठवड्यात त्याने मांजर मेहुणीकडे, यार्मिलाकडे, नेऊन टाकलं आणि मांजराने घाण करायला ठेवलेला भुशाचा ट्रे नाक धरून मागच्या खड्ड्यात भिरकावला. त्या ट्रेवरून नवराबायकोचं जन्मभर भांडण चाललं होतं.

"अख्खं घर सोडून माझ्या गाडीखालीच का?"

"तिला तिथलीच सवय आहे," व्लास्ता म्हणायची. एकामागून एक तीन मांजरी झाल्या. तिघींनाही तिथलीच सवय.

आता डाग. मेकॅनिककडे जायचा प्रश्नच नव्हता. आपली गाडी दुसऱ्याकडून उघडून घेतल्यावर माणूस बिअर प्यायला कुठल्या तोंडाने जाणार? ओटाकरने इंजिन पेट्रोलने धुतलं, कोरडं केलं आणि त्यावर पावडर मारली. पावडरीवर तेल कुठून येतं ते लगेच दिसतं. पावडर व्लास्ताची होती, कपाटात राहिलेली. डबा उघडला आणि गॅरेजभर तिचा वास सुटला. ओटाकरने पावडरीला एक शिवी दिली आणि बराच वेळ डोळे पुसत बसला.

ओली रेघ चेनच्या पुढच्या चक्रामागून आली होती. म्हणजे तिथलं रबरी सील गेलं. त्याने सील बदललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग, आता क्लचच्या झाकणातून. पॅकिंग बदललं. मग किकच्या दांड्यातून. मग सायलेन्सरच्या जोडातून, काळं चिकट. एक वाट बंद केली की गाडी दुसरी काढायची.

गुरुवारी दारात आलोइस उभा. "ओटा, पावडर लावलीस होय तिला? लग्नाबिग्नाचं बघतोयस?"

"चालता हो."

"आधी हुंगून तर बघ. गिअरबॉक्सच्या तेलाला कुजका वास येतो, पेट्रोलमधल्या..."

"तू मला शिकवतोस? तुझ्या अंगणात बदकं पोहतात!"

"पोहू देत की," आलोइस शांतपणे म्हणाला. "मैदानावर माझ्या शेजारी जागा आहे बघ. ये."

हे फार लागलं. आलोइस गेल्यावर ओटाकरने चिकट पेस्टची अख्खी ट्यूब घेतली आणि दिसेल तो जोड, दिसेल ते भोक लिंपून टाकलं. त्यात गिअरबॉक्सला श्वास घ्यायला ठेवलेलं बारीक भोकही लिंपलं गेलं. मग त्याने किक मारली आणि इंजिन चांगलं तापू दिलं. "आता गळ!" तो म्हणाला. "गळून दाखव!"

त्याच वेळी यार्मिला आलुबुखाराचे गोड पाव घेऊन आत आली. मागून मांजर. कोंडलेल्या हवेने नवं सील फटकन बाहेर पडलं आणि तेलाची पिचकारी भिंतीवर, पावांवर आणि यार्मिलाच्या पांढऱ्या ब्लाउजवर गेली.

"अगं आई गं! दाजी!"

"हिलाही आताच बिघडायचं होतं!" ओटाकर गाडी बंद करून गरजला. "व्लास्ता होती तोवर एक थेंब नाही! एक थेंब!"

यार्मिलाने तोंड पुसलं आणि गाडीखाली बघितलं. "मांजराचा ट्रे कुठाय?"

"फेकला! त्याचा इथं काय संबंध? तुझ्याकडे कुठं घाण करते ती?"

"बागेत. हिने जन्मात कधी घरात घाण केली नाही. आधीच्या दोघींनीही नाही."

"मग तो ट्रे?"

"शनिवारी तुम्ही बिअरला गेलात की ताई भुसा बदलायची. तेल प्यालेला जुना चुलीत घालायची. उगीच का तुमची चूल भडाभडा पेटायची?"

"आणि चौकात? तिथं कुठं ट्रे होता?"

"चौकात ती गाडी सोडून कधी हलली होती का? आठवा. थेंबावर बूट ठेवून उभी असायची. म्हणायची, याला कळलं तर महिनाभर जेवायचा नाही."

ओटाकरला भयंकर राग आला. ओरडायला त्याने तोंड उघडलं. पण ओरडायचं जिच्यावर, ती नव्हती. तो तिथंच तेलात बसला. मांजराने एक पाव हुंगला, नाक मुरडलं आणि ते बागेत निघून गेलं.

शनिवारी चौकात गाड्या जमल्या. आलोइस आपली गाडी मैदानावर लावून मुद्दाम चालत आला होता. ओटाकर आला तो मागच्या सीटवर, व्लास्ता बसायची तिथं, काहीतरी बांधून. त्याने गाडी स्टँडवर लावली, दोरी सोडली आणि भुशाचा ट्रे गाडीखाली सरकवला.

"हे काय?" आलोइसने विचारलं.

"मांजराचं."

भुशात टप्प आवाज झाला. दोघांनीही ऐकला.

"मांजर कुठंय पण?"

"येईल," ओटाकर त्याच्याकडे न बघता चिडून म्हणाला. "तिला इथलीच सवय आहे."