तेवीस चौक्यांस बोलते यंत्र निवडिले त्याची हकीकत

श्रीवाग्देवी साह्य असो, आणि जे घडले तेच लेखणीस आठवो. धाकट्या सरकारांनी पुसिले जे, आपल्या चौक्यांत लहानसे यंत्र का ठेविले आणि नामांकित यंत्र का परतविले, त्याचा मजकूर शके १९४७ विश्वावसुनाम संवत्सर, वैशाखमासापासून ऐसा.

राज्य डोंगरी. तेवीस गावांत दवाखान्याच्या तेवीस चौक्या, चौकीस एकेक सेविका, आणि पावसाळा लागला म्हणजे चार महिने इंटरनेट बंद, मग सेविकेने दुखण्याची शंका पुसावी ती कोणास? यास्तव राणीसरकारांनी मसलत केली की, चौकीचौकीस संगणक द्यावा आणि त्यात माणसासारखे उत्तर देणारे भाषेचे मॉडेल बसवावे, जे इंटरनेटवाचून चालेल आणि रोग्याची गोष्ट राज्याबाहेर जाऊ देणार नाही. ऐशी मॉडेले त्यांच्या कर्त्यांनी जगास खुली करून दिली होती, ज्यास हवे त्याने उतरवून घ्यावे. परंतु चौकीचे संगणक लहान, मेमरी आठ जीबी, थोर मॉडेल त्यात मावेना. म्हणोन लहानांपैकी दोन आणविली. एक नामांकित, परमुलखीच्या याद्यांत अव्वल. दुसरे त्याहून धाकटे, फारसे कोणास ठाऊक नाही ऐसे. आणि परीक्षेचे काम उमाबाई पारसनीस यांजकडे सांगितले.

उमाबाई दरबारच्या भाषांतरकार. तीस वर्षे कागद वाचण्यात गेली, वेलांटी चुकली तरी दुरून ओळखीत. बाईंनी शंभर प्रश्न शुद्ध भाषेत लिहिले, आणि दोहोंस पुसिले, आणि उत्तरे वाचून गुण दिले. नामांकिताची भाषा वाहत्या पाण्यासारखी, धाकट्याची अडखळती, 'बाळास दवाखाना नेणे करा' ऐसे लिही. बाईंस ते वाचवेना. नामांकितास एक्याण्णव पडले, धाकट्यास अठ्ठावन्न. राणीसरकार संतुष्ट जाहल्या आणि जाहीरनामा निघाला की, ज्येष्ठात नामांकित यंत्र चौक्यांस जाईल.

मग यंत्र शिकावयास प्रथम जैतरी भोये आली. ही अगदी शेवटल्या चौकीची सेविका, नदीपलीकडची. उमाबाई म्हणाल्या, "काय वाटेल ते विचार." जैतरीने एकेक अक्षर शोधून लिहिले, "पोराला चार दिस हगवन. डोळं आत गेलं. मुतत नाय." यंत्राने पानभर उत्तर दिले. जैतरीने ते दोनदा वाचिले.

"बाई, लई गोड लिवलंय," ती म्हणाली. "पन मीठ-साखरंची पुडी पेलाभर पान्यात कालवाया सांगतंय. पुडी लिटरभर पान्याची. पेल्यात कालवली तर मिठानं पोर आजून सुकंल. आन् असं पोर आधी उचलून मोठ्या दवाखान्यात न्यावं लागतं. ते यानं पार शेवटच्या वळीत टाकलंय."

उमाबाईंनी आपला कागद काढिला. हाच प्रश्न त्यांनीही पुसिला होता, पेल्याचे हेच उत्तर आले होते, आणि त्यापुढे त्यांच्याच अक्षरात पुरा गुण, शेरा 'रसाळ'.  पुडी त्यांनी जन्मात कालविली नव्हती. दोघींवाचून हे कोणास ठाऊक नव्हते, तो कागद फाडिता आला असता, हेही मनात येऊन गेले. आणि मग जैतरीस संगे घेऊन त्या दरबारी गेल्या.

राणीसरकार म्हणाल्या, "उमाबाई, जाहीरनामा निघाला. आता फिरवला तर लोक काय म्हणतील?"

"उमाबाई चुकली, असे म्हणतील. ते खरेच आहे, सरकार. मी भाषा तपासली, औषध तपासले नाही."

दिवाणजी बोलिले, "जगाच्या याद्यांत अव्वल आलेले यंत्र एका पुडीवरून परतवावे काय?"

जैतरी हळूच म्हणाली, "यादी करनारे आमच्या चौकीवर आले नव्हते."

राणीसरकारांनी जाहीरनामा थोपविला आणि फेरपरीक्षेस पंधरा दिवसांची मुदत दिली. मग सेविकांनी आपापल्या बोलीत प्रश्न सांगितले, आणि उत्तरांवरील यंत्रांची नावे झाकिली, आणि गुण पाच सेविकांनी व राजधानीच्या डॉक्टरांनी दिले. औषधाचे माप चुकले तर भाषा कितीही गोड असो, शून्य. नामांकितास एकोणपन्नास, धाकट्यास एकाहत्तर. दिवाणजी म्हणाले, "म्हणजे धाकटे निवडावे." उमाबाई म्हणाल्या, "तेही चुकते, फक्त कमी चुकते." म्हणोन डॉक्टरांकडून मापांचे तक्ते लिहवून यंत्रात घातिले आणि बंदी केली की, माप आपल्या मनचे सांगू नये, तक्ता शोधून दाखवावा, न सापडेल तर 'मला माहीत नाही' म्हणावे. पुन्हा परीक्षा केली, तरी शंभरांत तीन ठिकाणी त्याने बंदी मोडिली. धाकटे यंत्र चौक्यांस धाडिले, आणि सेविकांनी सावध राहावे म्हणोन ती तीन उत्तरे 'ही चुकली' ऐशा शेऱ्यासह मोठ्या अक्षरांत छापून चौकीचौकीच्या भिंतीस लाविली.

श्रावणात नदी चढली. पाणी उतरल्यावर जैतरी राजधानीस आली तेव्हा उमाबाईंनी पुसिले, "यंत्राचा काही उपयोग झाला?"

"झाला. एक बाई दिस भरलेली. डोकं ठनकतंय, तोंड सुजलेलं, डोळ्यापुढं अंधारी. मला बघताच कळलं. पन नवरा म्हने, पूर उतरंपर्यंत थांबू. मग मी यंत्रात लिवलं आन् आलेलं त्याला वाचून दाखवलं, 'आत्ताच न्या.' तसा उठला, होडी आनली. बाई जगली, पोरगीबी."

"मग तुझा चेहरा असा का?"

"धा वरसं मी त्या गावची बाळंतपनं करते, बाई. माझं नाय ऐकलं, त्याचं ऐकलं."

 उमाबाईंनी जैतरीस जेवू घातले आणि पाऊसभर चौक्यांत साठलेले नवे प्रश्न व यंत्राची उत्तरे तिच्यापुढे ठेविली, आणि दोघी तपासावयास बसल्या.

सारांश, यंत्र धाकटे निवडिले ते लहान म्हणोन नव्हे, त्याच्या चुका आपण मोजिल्या आणि त्या कमी निघाल्या म्हणोन. लोक त्याचे ऐकतात, यास्तव दर सहामाहीस त्याची परीक्षा होते आणि निकालावर पहिली सही सेविकेची असते. घडले तितके लिहिले.