शेजारचे जनरल

आमच्या नास या आयरिश गावातल्या कॉलनीत कचऱ्याचे डबे बाहेर ठेवायचा दिवस आला, की शेजारचे जनरल डीटर सगळ्यांचे डबे एका ओळीत उभे करतात. माझा जरा वाकडा असला की दारावर थाप.

"परिस्थिती सांगा!"

हा त्यांचा नमस्कार. दुकानात भेटले तरी हाच. नुसतं "ठीक" म्हटलेलं चालत नाही. "ठीक ही माहिती नव्हे." माझी मुलगी मात्र बेधडक "ग्रँड!", म्हणजे इथल्या बोलीत ठीकच, म्हणून निघून जाते, आणि तिला ते वर सलाम ठोकतात.

जर्मन सैन्यात रणगाड्यांचे प्रमुख होते. बायको नोरा इथली, म्हणून निवृत्तीनंतर इथे आले. भिंतीवर पदकंच पदकं. त्यातल्या सगळ्यात मोठ्याकडे बोट दाखवून मी विचारलं, "हे कुठल्या लढाईत?"

"पुरात. रणगाडे बाजूला ठेवून वाळूची पोती भरली." मग जरा ओशाळून म्हणाले, "आयुष्यभर एका युद्धाची तयारी केली. ते आलंच नाही. नशीब!"

गेल्या महिन्यात माझी आई कागलहून आली आणि एका दुपारी फिरायला म्हणून गेली ती परतेचना. इथली घरं सगळी एका साच्यातली, तिला इंग्रजी येत नाही, फोन घरातच. त्यात जवळ कालवा. मी रडकुंडीला आलो.

जनरल हजर. "परिस्थिती सांगा!"

या वेळी माझ्याकडे सांगण्यासारखं होतं, ते मी एका दमात सांगून टाकलं. त्यांनी गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला, कॉलनीचे भाग पाडले, म्हाताऱ्या पोस्टमनला टेहळणीवर नेमलं. मला म्हणाले, "तुम्ही घरीच. घाबरलेला माणूस कामाचा नसतो." स्वतः कालव्याकडे निघाले.

तासाभरानं त्यांचा फोन आला. "सापडल्या. सुखरूप. कालव्यापलीकडचा बसस्टॉप."

धावत गेलो. आई बाकावर, अंगावर जनरलांचा कोट. ते शेजारी बसून हळू आवाजात जर्मन बोलत होते, आणि ही कागलच्या मराठीत उत्तरं देत होती.

मला पाहून ते म्हणाले, "माझी नोरा जायच्या आधी अशीच बाहेर पडायची. घर विसरायची. मी शोधून आणायचो."

हुकमी आवाज कुठच्या कुठे गेला होता. मी आईला उठवायला वाकलो, तर ती पुटपुटली, "थांब जरा. ह्यांच्या घरात कोण न्हाई व्हय रं? मगाधरनं माझा हात धरून बसल्यात. म्या बी सोडवला न्हाई."