छप्पन्न आणि सत्तावन्न

जनावरांच्या दवाखान्यात नोंदणीच्या दोन खिडक्या होत्या. नोंद केली की कॉम्प्युटर नवा नंबर द्यायचा, तो चिठ्ठीवर यायचा आणि जाताना त्याच नंबरावर डॉक्टरांचा सल्ला छापून मिळायचा. ही सोय कारकुनाच्या भाचीने फुकटात करून दिली होती, त्यामुळे तो पहिल्या खिडकीत जरा ताठ मानेनेच बसायचा.

शनिवारी कॉम्प्युटर चाळताना त्याला दिसलं, की सोमवारचा छप्पन्न नंबरचा सल्ला कुणी नेलेलाच नाही. 'पोपट. पिसं उपटतो. पंधरा दिवस पिंजरा हलवू नये. संपूर्ण शांतता.' सत्तावन्न मात्र दोनदा छापला गेला होता. त्याने भाचीला फोन लावला.

"मामा, दोन्ही खिडक्यांवर एकदमच नोंद झाली असेल. तुमचा पोपट छप्पन्न, शेजारचा कुत्रा सत्तावन्न. पण तुमच्या खिडकीने नंबर विचारेपर्यंत कुत्र्याचीही नोंद आत शिरली होती."

"मग?"

"मी खिडकीला 'शेवटचा नंबर कोणता' एवढंच विचारायला लावलंय. 'माझ्या नोंदीचा कोणता' असं विचारायला हवं होतं. चुकलंच माझं."

"म्हणजे पोपटाला कुत्र्याचा सल्ला गेला?"

"हो. दोघांच्याही चिठ्ठीवर सत्तावन्नच आला."

छप्पन्नचा कागद छापून, खिशात घालून कारकून पोपटाच्या नोंदीतल्या पत्त्यावर गेला. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "बाई पोपटाला फिरवायला गेल्यात. शाळेतून रिटायर झाल्या, मग यजमान गेले. तेव्हापासून दोन वर्षं घराबाहेर पडल्या नव्हत्या. आता रोज दोनदा जातात."

कारकुनाने खिशातला कागद चाचपला.

एवढ्यात बाई पिंजरा घेऊन धापा टाकत आल्या. "बरं झालं भेटलात. चारचौघांत मिसळू द्या म्हणालात, तर बागेत चौघीजणी ओळखीच्या झाल्या. फक्त एक विचारायचं होतं. 'भुंकल्यास रागावू नये' असं लिहिलंय. हा अजून भुंकत नाही. काळजीचं काही नाही ना?"

कारकुनाने पिंजऱ्यात डोकावून पाहिलं. पोपटाच्या उघड्या छातीवर कोवळी पिसं फुटली होती. तरी त्याने सगळं खरं सांगून टाकलं आणि खिशातला कागद पुढे केला.

बाईंनी चष्मा लावला, वही तपासावी तसा कागद वाचला आणि घडी घालून त्याच्या हातात परत दिला.

"संपूर्ण शांतता दोन वर्षं होतीच की घरात," त्या म्हणाल्या. "आम्हाला सत्तावन्नच राहू द्या."