झिपरीच्या नावाचा मंडप

एका जंगलात, मुलांनो, सगळं होतं. राजा होता, प्रधान होता, सत्कार समितीसुद्धा होती. टेनिसचं कोर्ट तेवढं नव्हतं.

त्या जंगलात झिपरी नावाची वानरी राहायची. तिला टेनिसचं भारी वेड. तिनं आणि तिच्या आईनं काळ्या खडकापुढची काटेरी झुडपं उपटली, दगड वेचले, जमीन चोपून सपाट केली आणि पांढऱ्या रेघा मारल्या. समोर खेळायला कुणी नसे, म्हणून झिपरी खडकावरच चेंडू मारी. चेंडू चुकला तरी खडक हसायचा नाही. येणारे-जाणारे मात्र पोट धरून हसत. वानराच्या पोरीनं झाडावर चढावं, ही कसली थेरं, असं ते तिच्या आईला ऐकवत.

पुढे झिपरी सात जंगलांची स्पर्धा जिंकून आली. ती आपल्याच जंगलाची लेक आहे, हे सगळ्यांना एकदम आठवलं. सत्कार समितीचे अध्यक्ष कोल्हेकाका यांनी जंगी सत्कार ठरवला. मंडपाला सपाट जागा हवी होती, आणि जंगलात सपाट जागा एकच होती.

झिपरी बघते तर सर्व्हिसच्या रेघेवर बांबू रोवलेला. एका दिवसाचा तर प्रश्न आहे, असं कोल्हेकाका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अस्वल संघानं सत्कार केला. मग हरिणींच्या महिला मंडळानं. मग ज्यांचे सत्कार राहून गेले होते ते रुसले, म्हणून त्यांचेही झाले. मंडप तोच. शाली इतक्या जमल्या की आईनं आळीतल्या सगळ्या पिल्लांना दुपटी शिवून दिली.

पुढची स्पर्धा तोंडावर आली. आता तरी मंडप काढा, मला सराव करायचाय, असं झिपरीनं विनवलं. कोल्हेकाकांना फार वाईट वाटलं.

“पोरी, तुझ्याच नावाचा मंडप आहे हा. तो पाडला तर लोक काय म्हणतील?”

मग निदान खडकावर तरी चेंडू मारावा म्हणून ती तिकडे गेली. खडकावर तिचंच मोठं चित्र रंगवलं होतं. शेजारी रानडुक्कर पहाऱ्याला होता. चॅम्पियनच्या चित्रावर चेंडू मारायला बंदी आहे, असं त्यानं सांगितलं.

“अहो, ती चॅम्पियन मीच आहे.”

डुकरानं एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

“असशील. पण चित्रातली हसतेय.”

झिपरी पहिल्याच फेरीत हरली. खरं सांगायचं तर परतताना तिला जरा हलकंच वाटत होतं. आता कोण कशाला सत्कार करतंय? मंडप उतरणार, आपण पुन्हा रेघा मारणार.

घरी येऊन बघते तर मंडप दुप्पट झालेला. आत चिंतन शिबिर चाललं होतं. विषय होता, ‘आपल्या जंगलात खेळाडू का घडत नाहीत?’ कोल्हेकाकांनी मोठ्या मायेनं तिला शेवटच्या रांगेत जागा करून दिली आणि ते बोलायला उभे राहिले. हल्लीची पोरं मैदानावर दिसतच नाहीत, असं ते म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

झिपरीच्या खुर्चीखाली पांढऱ्या रेघेचा एक तुकडा उरला होता. तो पाहून तिला रडू आलं. शेजारच्या अस्वलाला वाटलं, भाषण फारच चांगलं चाललंय.

तात्पर्य : सरावानं यश मिळतं, हे अगदी खरं. म्हणून ज्यांना सराव चालू ठेवायचा असेल, त्यांनी यशापासून चार हात लांबच राहावं.