डिनरची वेळ

कुठलीही बातमी असो, इमोजेन तिची चिरफाड केल्याशिवाय राहत नसे. उत्तर इंग्लंडातल्या रॉचडेलच्या कॉलेजात ती समाजशास्त्र शिकवी. दर सोमवारी वर्तमानपत्रातलं एक कात्रण फळ्यावर लावायचं आणि यावर मार्क्सवादी काय म्हणतील, स्त्रीवादी काय म्हणतील, हे मुलांकडून वदवून घ्यायचं, हा तिचा शिरस्ता. त्या आठवड्याची बातमी होती, ‘ब्रिटनमध्ये आता वर्गभेद उरला नाही’. इमोजेनने तासाभरात बातमीचा पार भुगा केला. वर्गभेद माणसाच्या बोलण्यात असतो, अगदी जेवणाच्या नावातसुद्धा असतो, असं तिने ठणकावून सांगितलं.

तिची स्वतःची नोकरी मात्र वर्षाच्या बोलीवर होती. कायम करायचं की नारळ द्यायचा, हे विभागप्रमुख कीथ एंटविसल ठरवणार होते. म्हणून तिने त्यांना आणि त्यांच्या पत्नी ब्रेंडाबाईंना शनिवारी डिनरला बोलावलं. वेळ सांगितली नाही. ती पडली लंडनकडची; डिनर रात्री असतं हे काय कुणाला सांगायचं?

शनिवारी भर दुपारी बेल वाजली. इमोजेनने ओल्या केसांनी, घरातल्या गाउनवर दार उघडलं. समोर टाय लावलेले एंटविसल आणि फुलं घेतलेल्या ब्रेंडाबाई.

"सर, तुम्ही आत्ता?"

"डिनरलाच बोलावलंस ना?" एंटविसल म्हणाले. "सकाळपासून पोट रिकामं ठेवलंय."

इमोजेनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इकडे उत्तरेत डिनर दुपारी असतं आणि संध्याकाळच्या जेवणाला ‘चहा’ म्हणतात. हे उदाहरण सोमवारी तिनेच तर दिलं होतं! आणि घरातलं मटण अजून फ्रीजरमध्ये दगड होऊन पडलं होतं.

पाहुण्यांना बसवून ती मागच्या दाराने बाहेर पळाली. कुंपणापलीकडे शेजारच्या डोरीनबाई कपडे वाळत घालत होत्या. इमोजेनने रडवेल्या आवाजात सगळी हकीकत सांगितली. डोरीनबाईंनी एका शब्दानेही उलटतपासणी केली नाही. आत गेल्या आणि मटणावर बटाट्याच्या चकत्या रचून भाजलेल्या हॉटपॉटचं वाफाळतं भांडंच कुंपणावरून तिच्या हातात दिलं.

"अहो, मग तुमचं काय?"

"आम्ही कोपऱ्यावरून मासे-चिप्स आणू. तू पळ पोरी, आधी केस विंचर."

एंटविसलांनी पहिला घास घेतला आणि काटा खाली ठेवला. "हे तू केलंस?"

थाप जिभेवर आली होती, पण त्या भांड्याची ऊब अजून हातांना आठवत होती. "नाही सर. शेजारच्या डोरीनबाईंचं आहे. तुम्ही रात्री याल असं मी धरून चालले होते."

ब्रेंडाबाईंना हसू आवरेना. एंटविसल मात्र गंभीरच राहिले. "तुझ्या शिकवण्याबद्दल मला शंका नव्हती," ते म्हणाले. "तू इथे टिकशील का, एवढीच होती. पण शेजारीण स्वतःच्या ताटातलं देते म्हणजे तू टिकलीस. सोमवारी कागदावर सही करतो. आता वाढ."

पाहुणे गेल्यावर इमोजेन घासलेलं भांडं घेऊन कुंपणाशी गेली. आभार मानताना तिचे डोळे भरून आले. इतकी पुस्तकं वाचून जे समजलं नव्हतं ते या बाईने कुंपणावरून हातात दिलं, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

"उद्या तुम्ही दोघं माझ्याकडे चहाला या," ती म्हणाली.

"येऊ की," डोरीनबाई म्हणाल्या. "फक्त आमच्या ह्यांना बटाटे जास्त लागतात हं."

इमोजेनच्या डोळ्यांपुढे दोन कप आणि बिस्किटांची बशी होती. तिने ती मनातल्या मनात मुकाट्याने उचलून ठेवली.

"किती सोलू?" तिने विचारलं.