हिरड्यांचे वायरमन

आमच्या माकणी गावात माणूस भेटला की लोक "जेवलात का?" विचारतात. आमचे शेजारी अण्णा म्हणतात, "आ करा." आपण आ करतो न करतो तोच त्यांच्या बॅटरीचा झोत आपल्या तोंडात पोचलेला असतो. पोस्टमन सुटला नाही, सोयरे सुटले नाहीत. गल्लीत मुलगी बघायला आलेल्या नवरदेवालाही त्यांनी आ करायला लावला आणि हिरड्या सुजल्यात म्हणून चारचौघांत जाहीर केलं. लग्न झालं, पण अण्णांना काही पत्रिका आली नाही.

अण्णा निवृत्त वायरमन. उभा जन्म खांबावर गेल्यानं उजेडावर त्यांची भारी श्रद्धा. त्यात मोबाइलवर त्यांनी कसलासा व्हिडिओ पाहिला. शास्त्रज्ञ म्हणे डोळ्यांना न दिसणारे कण हिरडीत सोडतात, वरून उजेड मारतात, कण तापतात आणि हिरडी पोखरणारे जंतू जागीच मरतात. झालं! हॉटेलात आमचा चहा पार गार होईस्तोवर अण्णा बोलत होते.

"हे बघा गुरुजी, गोळ्या खाल्ल्या की अंगातले चांगलेबी जंतू मरतेत. म्हंजे एका घरच्या फॉल्टपायी अख्ख्या गावाची लाईट घालवायची! ह्यात कसं, फॉल्ट जिथं, काम तिथंच. बाकी गाव चालू."

मी मान डोलावली. न डोलावून सांगतो कुणाला?

या सगळ्या खटाटोपाचं मूळ घरातच होतं. काकूंच्या, म्हणजे अण्णांच्या बायकोच्या, हिरड्यांतून रक्त यायचं. दोन दात गेले होते, तिसरा हलत होता. पण "मेले तरी तोंडात चिमटा घालू देणार न्हाय" हा काकूंचा बाणा. अण्णा त्यावरून दिवसभर करवादायचे.

ते कण माकणीत मिळेनात, तेव्हा अण्णांनी हळद घेतली. बारीक असते, एवढाच तिचा गुन्हा. काकूंनी बघावं म्हणून ती आपल्याच हिरड्यांना चोळून ते गच्चीवर, सूर्याकडं तोंड करून आ वासून बसले. नेमकी एकादशी होती आणि नेमकी माशी आत गेली.

"आता उपास मोडला का ऱ्हायला?" काकूंनी खालून विचारलं.

त्यानंतर कितीतरी दिवस अण्णा पिवळे दात ओठांआड लपवून हिंडत होते.

शेवटी मीच दोघांना गाडीत घालून धाराशिवला दातांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, ते कण अजून प्रयोगशाळेतच आहेत. इथं आधी हिरड्या नीट साफ करायच्या, मग औषधी रंग सोडून त्यावर लाल उजेड द्यायचा. त्यानंही जंतू कमी होतात, दात वाचायला मदत होते. अण्णा खुलले. काकू मात्र दारातच अडल्या.

"आधी माझं करा," म्हणत अण्णा खुर्चीत जाऊन बसले.

"काका, तुमच्या हिरड्या ठणठणीत आहेत."

"असू द्या. साफ तर करा."

अवजार तोंडापाशी आलं तसं त्यांनी माझं मनगट गच्च धरलं. वादळवाऱ्यात खांबावर चढणारा माणूस हा!

बाहेर येऊन काकूंना म्हणाले, "काय न्हाय गं. नुसत्या गुदगुल्या!"

काकूंनी पाहिलं. सदरा घामानं पाठीला चिकटला होता. त्यांनी हातातली पिशवी अण्णांकडं दिली आणि आत जाऊन खुर्चीत बसल्या.

पिशवी मांडीवर घेऊन अण्णा बाकावर टेकले.

"गुरुजी, औंदा हुरड्याला ती समद्यांना कणसं भाजून देत हुती. सोता दाणा तोंडात घातला न्हाय, चावतच न्हाय तर काय करंल? मला घास उतरंना." "तिला लई दुखंल का हो?"

मी दाराकडं पाहिलं.

दार किलकिलं होतं. आतून काकूंचा आवाज आला, "म्याडम, दुखलं तरी म्या वरडणार न्हाय. भायेर हे बसलेत, ह्यांला सोसायचं न्हाय."